गावपळणीतले पाहुणे

मुलुंड (पूर्व), मुंबई
१४ ऑक्टोबर १९८६

प्रिय रत्ना,

इतक्या वर्षांनी पत्र, आणि तेही काम घेऊन. तेव्हा आधी मला चार शिव्या दे आणि मग पुढे वाच.

आमच्या सोसायटीतल्या काही बायका आणि माझ्या बँकेतल्या एकदोघी मिळून नाताळच्या सुटीत कुठेतरी जायचं ठरवतोय. नवरे नाहीत, मुलं नाहीत. आमचे हे म्हणाले, ‘बायकाच बायका आणि एक नकाशा, पोचणार कुठे?’ तेव्हापासून पोचायचंच असं पक्कं झालं. गोव्याची चौकशी केली. हॉटेलवाले असे बोलतात जणू आपण समुद्र विकत घ्यायला आलोय. मग मीच म्हटलं, आपल्याकडे नाही का समुद्र? मालवणात बाबांचं घर होतं तोवर कुणाला विचारायची गरज नव्हती. आता ते विकलं, आणि मला माझ्याच गावात राहायला जागा नाही.

तुझ्या लग्नात पाहिलेलं घर आठवलं. मोठी पडवी, मागे विहीर, आणि माडांच्या पलीकडे दर्या. आम्हाला तिथे राहता येईल का? पंगतीला बसू, चटईवर झोपू. फार बडदास्त नको, खर्चही बेताचाच ठेवायचा आहे. पण फुकट मुळीच राहणार नाही, हे आधीच सांगते. शाळेत माझ्या डब्यातली भजी तू न विचारता खायचीस तसं आता चालणार नाही.

तुझी,
अनुपमा

*

तोंडसर, ता. मालवण
२७ ऑक्टोबर १९८६

प्रिय अनू,

भजी तू स्वतः पुढे करायचीस, कारण तुझ्या आईच्या भज्यांत मीठ जास्त असायचं. हे मी कुठेही शपथेवर सांगेन.

या. सगळ्याजणी या. पत्र मी मोठ्याने वाचलं तेव्हा हे पडवीतच होते. काही न बोलता उठले आणि परसात जाऊन जमीन पावलांनी मोजायला लागले. मी विचारलं तर म्हणाले, मुंबईच्या बायका येणार तर पक्का संडास हवा. दुसऱ्या दिवशी खड्डा सुरू. दिवाळीचे कंदील बाजूला राहिले.

तुला ठाऊक नसेल म्हणून सांगते. संपानंतर ह्यांची गिरणी उघडलीच नाही. एक दिवस ट्रंक घेऊन घरी आले ते इथेच आहेत. त्याआधी चौदा वर्षं ते तिकडे खोलीवर आणि मी इकडे. गणपतीला आणि मे महिन्यात भेट. आमची नंदा लहान असताना त्यांना बघून रडायची, कोण आलं म्हणून. आता ती त्यांच्याशीच भांडते, माझ्याशी नाही.

इथे शेती किती ते तू जाणतेस. माझा भाऊ गुणाजी साकीनाक्याला एका वर्कशॉपात आहे. त्याने मालकाशी बोलून ह्यांच्यासाठी जागा धरून ठेवली आहे. संक्रांतीला तो गावी येईल तेव्हा हो की नाही ते सांगायचं. ह्यांच्या मनात मात्र वेगळंच आहे. घरगुती राहण्या-जेवणाची सोय करायची, मुंबईचे लोक दर्या बघायला येतात, त्यांना ठेवून घ्यायचं. तुम्ही पहिल्या. तुमचं नीट जमलं आणि तुम्ही पुढे चारजणांना सांगितलंत तर साकीनाक्याला जायला नको, असं ते म्हणतात. मी काहीच म्हणत नाही.

कोण मासे खाणार, कोण नाही, तेवढं कळव.

तुझी,
रत्ना

*

मुलुंड
९ नोव्हेंबर १९८६

प्रिय रत्ना,

एस.टी.चं रिझर्व्हेशन झालं. पंचवीस डिसेंबरला संध्याकाळी निघतो, सव्वीसला सकाळी तुमच्या फाट्यावर. परत एकोणतीसला. सुटीतल्या गाड्या, पुन्हा तिकिटं मिळणं अशक्य, म्हणून जाण्या-येण्याची एकदमच काढली.

भावोजींना साकीनाक्याला काम मिळतंय हे वाचून बरं वाटलं. आजकाल गिरणीतल्या माणसाला कोण उभं करतं? आमच्या ह्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ विक्रोळीच्या कंपनीत आहेत, तिथेही शब्द टाकायला सांगू का? मग तूही नंदाला घेऊन इकडे ये. घाटकोपरला, चेंबूरला कुठेतरी खोली बघू. आपण पुन्हा एका गावात राहू.

आता मंडळींबद्दल. पद्मजा आमच्या खालच्या मजल्यावरची. तिची एक तक्रार संपली की दुसरी तयार असते, पण माणूस वाईट नाही. ती स्वतःची चादर, स्वतःची उशी आणि पाणी उकळायला स्वतःचं पातेलं आणणार आहे. उत्तरा बोरिवलीची, माझ्या बँकेतली. लग्न केलं नाही, दर रविवारी तिथल्या रानात पाखरं बघत हिंडते. तिला दर्यापेक्षा तुमचं रान हवंय. बाकीच्या खाऊनपिऊन सुखी. मासे सगळ्याच खातात.

रंग, चुना असलं काही काढू नका हं.

तुझी,
अनुपमा

*

तोंडसर
१५ डिसेंबर १९८६

प्रिय अनू,

चुना कधीच काढून झाला. संडासाला दारही लागलं. आता खरं लिहिते.

आमच्याकडे गावपळण असते. तू मालवणच्या बाजारपेठेतली, तुमच्याकडे ही रीत नाही, पण ऐकलं असशील. तीन-चार वर्षांनी एकदा देव कौल देतो आणि अख्खं गाव वेशीबाहेर जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, मांजरं, सगळी. तीन रात्री गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही. पलीकडच्या रानात झावळ्यांच्या खोपी बांधून राहायचं आणि देवाने परत ये म्हटलं की यायचं. यंदा पळणीचं वर्ष आहे हे मला माहीत होतं. तुला कळवलं नाही, कारण सगळे म्हणत होते की संक्रांतीनंतर होईल. काल कौल झाला. सव्वीस तारखेला सकाळी निघायचं.

म्हणजे तुम्ही येणार त्याच दिवशी.

हे म्हणाले, ‘येव नकात म्हणून लिव.’ तेवढं बोलून परसात जाऊन बसले. मी कागद घेऊन बसले, पण तसं लिहवत नाही. ये म्हणते असंही नाही. जे आहे ते कळवलं. घर मिळणार नाही, विहीर नाही, आणि आमचा किनाराही नाही, कारण तोही वेशीच्या आत येतो. खोप मिळेल, आणि आम्ही खाऊ ते मिळेल.

आणखी एक. साकीनाक्याबद्दल तुला बरं वाटलं, ते मला वाचवेना. तू चांगल्या मनाने लिहिलंस. पण अनू, गिरणी बंद पडली तेव्हा गावातल्या सगळ्या बायका रडल्या आणि त्यांच्यात मीही डोळ्यांना पदर लावून बसले. मनातून मी नवऱ्याची वाट बघत होते. लोकांच्या चुली विझल्या आणि माझं घर भरलं. हे मी कुणाला सांगू? मला खोली नको, घाटकोपर नको. ते इथे राहावेत एवढंच हवं आहे. म्हणून तुम्ही पहिल्या पाहुण्या, आणि म्हणून ह्या कौलाचं इतकं लागलं.

तुझी,
रत्ना

*

मुलुंड
२० डिसेंबर १९८६

रत्ना,

पत्र आत्ताच मिळालं. घाईत लिहितेय, हे पोस्टात टाकायला निघालेच आहेत.

मी मूर्ख आहे. तू सगळं लिहिलं होतंस आणि मी विक्रोळीच्या ओळखी काढत बसले.

आम्ही येतोय. तिकिटं बदलून मिळणार नाहीत आणि मिळाली तरी मी बदलणार नाही. मंडळींना काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर पद्मजा आजच्या आज यादीतून नाव काढेल आणि तिच्यामागून बाकीच्या जातील. फाट्यावर उतरल्यावर बघू. वाट लागली तर माझी लागेल, तुझी नाही.

भावोजींना सांग, खोप जरा मोठी बांधा.

अनुपमा

*

मुलुंड
१ जानेवारी १९८७

प्रिय रत्ना,

सुखरूप पोचलो. नवीन वर्षाच्या शुभेच्छा तुला, भावोजींना आणि नंदाला.

तू आमच्या सोबत होतीस तरी सगळं तुझ्या कानावर आलेलं नाही, म्हणून सांगते. सव्वीसला सकाळी गाडीतून उतरलो तर समोरून माणसांची रांग. कुणाच्या डोक्यावर खाट, कुणाच्या काखेत कोंबडी, एका आजींच्या मांडीवर मांजर आणि त्या स्वतः बैलगाडीत. पद्मजाने विचारलं, ‘काय गं, इथे पूर आलाय का?’ मी म्हटलं, नाही, आपल्यालाही ह्यांच्याबरोबरच जायचंय. त्यानंतर दुपारपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. तिचा तो उच्चांक आहे. खोप दिसल्यावर म्हणाली, ‘अनुपमा, ह्याला दार कुठाय?’ मी म्हटलं, दार नाही. म्हणाली, ‘मग मी आत आहे की बाहेर, हे मला कसं कळणार?’

पहिल्या दिवशी ती पातेलं घेऊन स्वतःचं पाणी उकळत बसली. दुसऱ्या दिवशी बघते तर त्याच पातेल्यात शेजारच्या खोपीतल्या कुणाची तरी कुळथाची पिठी शिजतेय आणि ही ढवळतेय. संध्याकाळी फुगडी घालायला उठली. सोसायटीच्या गच्चीवर हळदीकुंकवालाही जागची न हलणारी बाई. उत्तरा तर रानातून जेवायलाच परत यायची, आणि तेही कुणी हाक मारली तर.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो खाडीपलीकडचा तुमचा किनारा. आपण अलीकडच्या काठावर बसलो होतो. समोर लांबच लांब वाळू आणि तिच्यावर एकही पाऊल नाही. कुणी तिकडे जात नव्हतं, कुणी जाऊ म्हणतही नव्हतं. घरी येऊन मी ह्यांना ते सांगायला गेले आणि मला जमलं नाही.

एकोणतीसला देवाने अजून एक रात्र थांबा म्हणून सांगितलं आणि आम्ही तशाच खोपीतून एस.टी.वर आलो. या वेळी तुझं घर आतून पाहिलंच नाही. फाट्यावर भावोजी सारखं ‘घर दाखवूक नाय जमला’ म्हणत होते, ते अजून मनात आहे.

आता खरी बातमी. पद्मजाने अख्ख्या मुलुंडला सांगितलंय. भाजीवालीच्या समोर उभी राहून सांगते, झावळ्यांच्या घरात राहिलो, म्हणते, एकदम झकास. मे महिन्यात चौदाजण यायला तयार आहेत, कुटुंबं धरून. सगळ्यांना खोपीतच राहायचंय, रानात, तस्संच. तुम्ही वेशीबाहेर दोन-तीन मोठ्या खोपी बांधा. भावोजींचा व्यवसाय उभा राहिला म्हणून समज. संक्रांतीच्या आत हे पत्र पोचलं पाहिजे म्हणून आजच टाकते.

तुझी,
अनुपमा

*

तोंडसर
७ जानेवारी १९८७

प्रिय अनू,

तुझं पत्र ह्यांनीच पोस्टमनकडून घेतलं, फोडलं आणि उभ्याउभ्या वाचलं. लगेच कोयता घेऊन बांबू तोडायला निघाले. इतकं हसताना मी त्यांना गिरणी बंद पडल्यापासून पाहिलं नव्हतं. तुम्ही गेल्यावर आठवडाभर हे चुना दिलेल्या भिंतींकडे बघत नव्हते, नव्या संडासाच्या बाजूला फिरकत नव्हते. गुणाजीला होकाराचं पत्र लिहून खिशात ठेवलं होतं. ते मी कपडे धुताना पाहिलं.

तरी मी त्यांना बांबू तोडू दिले नाहीत. तुला राग येईल, पण ऐकून घे.

आम्ही खोपीत राहतो ते देवाच्या शब्दावर, हे एक झालं. पण त्यासाठी मी तुला नाही म्हटलं नसतं. देव समजून घेतो, आम्ही त्याला काय काय समजून घ्यायला लावतो. खरी गोष्ट वेगळी आहे. त्या दिवसांत तुमच्या ताटात पडलं ते आमचं एकट्याचं नव्हतं. तांदूळ आमचे, दूध पलीकडच्या खोपीतलं, बांगडे गाबीतवाड्यातल्या मासेवाल्या सुगंधाबाईने टोपलीसकट आणून ठेवले आणि वळून बघितलं नाही. भजन होतं, फुगडी होती, पद्मजाताईंशी भांडायला म्हाताऱ्या होत्या. तुम्हाला सांभाळलं ते गावाने, मी नाही. मे महिन्यात त्या रानात कोण असेल? आम्ही दोघं आणि डास. तुमचे चौदाजण येतील, खोपीत बसतील आणि म्हणतील, ते कुठे आहे? मी ते कुठून आणून देऊ? ज्यांनी पैसे मोजलेत त्यांना एक वर्षी फसवता येतं, दुसऱ्या वर्षी कुणी येत नाही.

हे म्हणाले, ‘तुका मिया हय नको काय?’ चौदा वर्षं एकटी राहिलेल्या बाईला हे विचारलं. मी त्या दिवशी जेवले नाही.

माझ्याकडे घर आहे. विहीर आहे, पडवी आहे, दर्या आहे, आणि पायाखाली वाळू असेल, या वेळी तुम्ही तिच्यावर चालाल. रान हाकेवर आहे. जेवण मी करीन. एवढंच आहे, आणि एवढं खरं आहे. त्यावर जे येतील ते येऊदेत. कुणीच येणार नसतील तरी तसं लिही. मला बरं वाटावं म्हणून आकडा वाढवू नकोस.

तुझी,
रत्ना

*

मुलुंड
१३ जानेवारी १९८७

प्रिय रत्ना,

राग आला. खोटं कशाला बोलू? काल दिवसभर मनात तुझ्याशी भांडत होते. लोकांना हवं ते दे ना बाई, तुला नवरा घरी हवा आहे ना, असं.

संध्याकाळी तुझं पत्र पद्मजाला वाचायला दिलं. तू रागावणार नाहीस असं धरून चालले. तिने वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, ‘ह्या बाईकडे मी जाईन. मला पहिल्यापासून घरच हवं होतं. दार आणि दाराला कडी.’ मी म्हटलं, अगं मग गावभर खोपीचं कौतुक कशाला करत होतीस? म्हणाली, ‘मी केलं म्हणून सगळ्यांनी करायला पाहिजे का?’

बाकीच्यांना मी सरळ सांगितलं. खोप नाही, घर आहे. बरेचजण गळाले. दोन कुटुंबं महाबळेश्वरला चालली आहेत. उत्तराही येणार नाही. तिला रानातच निजायचं होतं, ती दुसरीकडे कुठेतरी बघतेय. पद्मजा आणि तिचा नवरा, मी आणि आमचे हे, आणि पद्मजाची बहीण. पाचजण. तू म्हणालीस तसा आकडा वाढवलेला नाही.

हे पत्र संक्रांतीच्या आत पोचणार नाही, हे मला कळतंय. एक दिवस भांडण्यात घालवला नसता तर तार तरी वेळेत पोचली असती. पाचांवर कुणी नोकरी सोडायला सांगत नाही, तेही कळतंय. भावोजी साकीनाक्याला आले तर आमच्याकडे पहिलं जेवण. आणि नाही आले तर मे महिन्यात पाचजण नक्की, हे माझ्या शब्दावर.

तिळगूळ वेगळा पाठवला आहे. फुटला असेल तर चमच्याने खा.

तुझी,
अनुपमा

*

तोंडसर
१९ जानेवारी १९८७

प्रिय अनू,

तुझं पत्र आज आलं. गुणाजी परवाच गेला. म्हणजे तुझे पाचजण मला तेव्हा माहीत नव्हते, चौदाजणांना मीच नाही म्हटलं होतं, हातात एकही नव्हता.

संक्रांतीला गुणाजी आला. जेवणं झाल्यावर पडवीत बसून त्याने विषय काढला. मालक थांबायला तयार नाही, म्हणाला, दुसरा माणूस उभा आहे. भावोजी, तुम्ही हो म्हणा आणि माझ्याबरोबरच चला. बोलायची त्याची रीत चांगलीच होती. तो आमच्या भल्याचंच बोलत होता. मी आत भांडी घासत होते. नेहमी असंच असतं, पुरुष पडवीत ठरवतात आणि बाई आत भांडी घासते. लग्न तसंच ठरलं, पहिल्यांदा मुंबईला जाणं तसंच ठरलं, गिरणीही तशीच बंद पडली.

ह्यांनी मला हाक मारली. मला वाटलं पाणी हवं असेल, तांब्या घेऊन बाहेर गेले. तर म्हणाले, ‘तूच सांग. जाव काय नको?’

गुणाजी बघतच राहिला. मी तांब्या धरून उभी. अनू, मला हिशोब सुचला नाही, कारण सुचलं नाही. तू एवढी वर्षं बँकेत आहेस, तू काहीतरी नीट सांगितलं असतंस. मी म्हटलं, ‘खंय जाव नकात. हयच रवा.’

गुणाजीने खूप समजावलं. पाहुणे आले नाहीत तर काय खाल? त्याचं म्हणणं खोटं नाही. कदाचित वर्षभराने हेच तुला पत्र लिहून विक्रोळीच्या त्या गृहस्थांचा पत्ता मागतील. तसं झालं तर देशील.

पाचजण या. पद्मजाताईंना सांग, कडी आहे, आतून आणि बाहेरून. तिळगूळ पूर्ण फुटला होता. नंदाने ओंजळीने खाल्ला.

परवा सकाळी गुणाजीला सोडायला आम्ही फाट्यावर गेलो. इतकी वर्षं मी तिथे उभी राहायचे आणि गाडी ह्यांना घेऊन जायची. मी खालून बघायची, ते खिडकीतून हात करायचे. परवा गुणाजी खिडकीत बसला, गाडी सुटली आणि मी सवयीने हात वर केला. केल्यावर शेजारी बघितलं तर ह्यांचाही हात वर होता.

तुझी,
रत्ना